एका नंबरावर एक रुग्ण

रांजणवाडीला कुणी आजार म्हणत नाही. ताप आला तर माणसाच्या कपाळावर कुणी हात तरी ठेवतं, पाय मोडला तर प्लास्टरवर चार जण सह्या करतात, पण पापणीवर वाटाण्याएवढी गाठ घेऊन हिंडणाऱ्याला एकच प्रश्न ऐकावा लागतो, "काय हो, डोळा कुणाला मारताय?" टाळेबंदीच्या पाचव्या आठवड्यात आमच्या तीन मजली इमारतीत हा प्रश्न मला सात जणांनी विचारला. तोही मास्क लावून, सहा फुटांवरून. म्हणजे ओरडून.

सल्ल्यांना तर ऊतच आला होता. समोरच्या गायनबाई म्हणाल्या, "गरम फडक्यानं शेका." तळमजल्यावरचे वकील म्हणाले, "अजिबात शेकू नका. आणि शेकलंत तर मी विचारल्यावर 'शेकलं नाही' असंच सांगा." बायको म्हणाली, "आरशात बघणं बंद करा. निम्मी तिथंच बरी होईल."

वरच्या मजल्यावरून जो अभिप्राय आला तो सल्ला नव्हता. तो तराजूकाकांचा निकाल होता.

तराजूकाका हे त्यांचं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक होते. दुकानात शिरले की दुकानदाराच्या हातातला काटा आपोआप खरं बोलायला लागायचा, असं म्हणतात. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकटे, आमच्या डोक्यावर राहतात. 'डोक्यावर' हा शब्द मी विचार करून वापरतोय. त्यांच्या गच्चीतल्या कुंड्यांचं पाणी गेली चार वर्षं आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकत आलंय. मी एकदा तक्रार केली तेव्हा म्हणाले, "पाणी खाली जातं हा निसर्गाचा नियम आहे. माझा नाही. माझा असता तर पाळला गेला असता." त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे एकमेकांना नियम वाचून दाखवणं. ते मला नावानं हाक मारत नसत. मी पाणीपुरवठा कचेरीत आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढली आहेत, तेव्हा त्यांच्या लेखी मी 'आवक-जावक'.

"अहो आवक-जावक," ते वरून वाकून म्हणाले, "डावा डोळा उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लहान दिसतोय."

त्या चार मिलिमीटरनी माझ्या स्वाभिमानाला जे भोक पाडलं, त्यातून पुढचं सगळं आत शिरलं.

जवळचा दवाखाना बंद होता. दारावर पाटी होती, 'डॉक्टर आजारी आहेत'. तेव्हा मी सरकारनं नव्यानं सुरू केलेल्या 'घरबसल्या दवाखाना' या सेवेकडे वळलो. मोबाईलवर अ‍ॅप उतरवायचं, नाव-वय-नंबर टाकायचा, टोकन घ्यायचं, आणि डॉक्टर पडद्यावर प्रकट होणार. माझं सारं आयुष्य फॉर्म घेण्यात गेलंय. भरण्याची वेळ आली तेव्हा कळलं की लोक माझ्याकडे तसं का बघायचे. अ‍ॅपनं पहिल्यांदा माझं नाव नाकारलं, कारण त्यात नावाआधी आडनाव हवं होतं. मग जन्मतारीख नाकारली, कारण ती 'भविष्यातील' होती. मग ओटीपी आला, तो वाचायला चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपली. ओटीपीची मुदत तीस सेकंद. आमच्या कचेरीत साध्या पोचपावतीला नऊ दिवस लागतात, आणि त्यात कुणी मेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शेवटी चाळीस मिनिटांनी 'आपल्यापुढे चौदा रुग्ण आहेत' असं आलं. मी शर्ट बदलला. बायको म्हणाली, "डोळा दाखवायचाय ना? मग भांग कशाला पाडताय?"

पडद्यावर एक तरुण डॉक्टरबाई आल्या. डोळ्यांखाली काळं, हातात थंड झालेला चहा. मी फोन डोळ्याशी नेला.

"सर, मला पंखा दिसतोय."

मी फोन फिरवला.

"आता नाक दिसतंय. नाकाला काही त्रास आहे का?"

अडचण अशी की, जो डोळा दाखवायचा त्याच डोळ्यानं पडद्यावर बघायचं, आणि बघायला फोन लांब धरला की डोळा दिसत नाही. अखेर बायकोनं माझी हनुवटी पकडली, दुसऱ्या हातात फोन धरला आणि भाजी निवडताना वांगं फिरवून बघावं तसं माझं तोंड उजेडाकडे फिरवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हां. रांजणवाडी. दिवसातून चारदा शेका, हे मलम लावा. आणि ताईंना थँक्यू सांगा." दीड मिनिटात काम झालं. चार दिवसांत डोळा लख्ख.

इथंच ही गोष्ट संपायची. पण मी कचेरीतला माणूस. एखादं काम झालं की ते झाल्याचं चार लोकांना कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही. जिन्यात गायनबाई भेटल्या, त्यांना मी दोन्ही डोळे मोठे करून दाखवले आणि सगळी हकिगत सांगितली. अ‍ॅप, टोकन, ओटीपी, सगळं. जरा तिखटमीठ लावून.

"अगंबाई! तुम्हाला जमलं?" त्या म्हणाल्या. 'तुम्हाला' या शब्दावर त्यांनी जो स्वर लावला, तो मी मोठ्या मनानं सोडून दिला. "मग माझंही तेवढं विचारा ना. चार जिने चढले की श्वास लागतो हो. आणि माझा फोन म्हणजे नुसता डबा."

एक गायनबाई आल्या, म्हणजे इमारत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर जिन्यात एकेक पायरी सोडून पाच माणसं बसलेली. वकिलांचा कोरडा खोकला, जो त्यांना कोर्ट बंद झाल्यापासून म्हणजे युक्तिवाद तुंबल्यामुळे झाला होता. चेअरमनसाहेबांचं पित्त. त्यांच्या मेहुण्याचं असं एक दुखणं, जे त्यानं माझ्या कानात सांगितलं आणि नंतर कॅमेऱ्यापुढे दाखवताना मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला लावलं. तळमजल्यावरची सूनबाई, आठवा महिना, पाय सुजलेले. तिची तपासणी दोनदा चुकली होती, आणि ती हसत हसत सांगत असली तरी हात पोटावरून निघत नव्हता. सगळ्यात आधी तिचा नंबर लावला.

मी रीतसर रजिस्टर घातलं. अनुक्रमांक, मजला, तक्रार, टोकन क्रमांक, निकाल. बायको म्हणाली, "आता शिपाई तेवढा ठेवा."

गोम इतकीच होती की अ‍ॅपमध्ये एका नंबरावर एकच रुग्ण. 'नवीन रुग्ण जोडा' असं एक बटण होतं, नाही असं नाही; पण ते दाबलं की रुग्णाचं ओळखपत्र मागायचं, ते पन्नास केबीपेक्षा लहान हवं असायचं, आणि लहान केलं की 'अस्पष्ट आहे' म्हणून परत यायचं. त्या डॉक्टरबाई दमलेल्या, मागं शंभर लोक थांबलेले. त्या म्हणायच्या, "राहू दे सर, पेशंटला पुढे करा, मी बघते." आणि बघायच्याही अगदी नीट. पण जे काही बघायच्या ते टाईप होत होतं माझ्या नावावर.

याचा पहिला झटका औषधांच्या दुकानात बसला. दुकानदार चिठ्ठी वाचत गेला. पित्ताची गोळी. खोकल्याचं औषध. मेहुण्याचं मलम. मग गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या. त्यानं चिठ्ठीवरचं माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि गोळ्या दोन पिशव्यांत बांधून दिल्या. "जपा," एवढंच म्हणाला.

इकडे तराजूकाकांनी चेअरमनना लेखी तक्रार दिली. 'दुसऱ्या मजल्यावर बिनपरवाना दवाखाना सुरू असून जिन्यातील नऊपैकी पाच पायऱ्या रुग्णांनी व्यापलेल्या असतात.' पायऱ्या त्यांनी मोजल्या होत्या. चेअरमनांनी ती तक्रार माझ्याकडे पाठवली, आणि मी ती आवक नोंदवून घेतली. ते खाली उतरून आले, मास्कच्या वरून माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "काचेच्या पडद्यावर रोग दिसतो? उद्या फोटोवरून वजन कराल!" हे सगळं एका दमात, मध्ये नियमांच्या तीन कलमांसह. श्वास न घेता बोलण्यात त्यांचा हात, म्हणजे फुप्फुस, धरणारा इमारतीत कुणी नव्हता. गायनबाईसुद्धा नाही.

"काका, तुम्हाला काही दाखवायचं असेल तर सांगा. नंबर लावतो," मी गोड आवाजात म्हटलं.

"मला? मला काय धाड भरलीय?" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर तीन दिवस वरून एक थेंब पडला नाही. कपडे कोरडेठाक वाळले. मला वाटलं, गोड बोलण्याचा परिणाम. माणूस विजयाच्या नशेत किती मूर्ख होतो, हे मी तेव्हापासून लक्षात ठेवलंय.

रजिस्टर घातल्यापासून एकोणिसाव्या दिवशी सकाळी, मी एक गाल दाढी करून दुसऱ्याला साबण लावलेला असताना फोन आला. 'घरबसल्या दवाखाना'तून एक मुलगी बोलत होती. आवाजात एवढी काळजी, की मला आधी वाटलं घरचंच कुणीतरी आहे.

"सर, आमच्या कॉम्प्युटरनं तुमची नोंद 'अतिजोखीम' म्हणून काढलीय. तुम्हाला खोकला आहे ना?"

"नाही हो. तो वकिलांचा."

"बरं. श्वास लागतो?"

"तो गायनबाईंचा."

"पायांवर सूज?"

"ती खालच्या सूनबाईंची. आठवा महिना आहे ना."

पलीकडे टाईप केल्याचा आवाज आला. मग ती एकदम हळुवार झाली. "सर, तुम्ही घाबरू नका हं. ही सगळी माणसं... आत्ता तुमच्या खोलीत आहेत का?"

"आत्ता नाही. अकरानंतर येतात. जिन्यात बसतात."

"तुमच्याजवळ घरचं कुणी आहे का, सर?"

मी फोन बायकोकडे दिला. बायको म्हणाली, "अहो, ते ठणठणीत आहेत, फक्त सगळ्या इमारतीचं दुखणं त्यांनी अंगावर घेतलंय." याहून वाईट शब्द तिला शोधूनही सापडले नसते. पंचवीस मिनिटांत दारात अँब्युलन्स होती.

माझ्या आयुष्यात मला न्यायला गाडी आली ती ही पहिलीच. आख्खी इमारत गॅलरीत. पांढऱ्या पोशाखात दोघंजण, डोक्यापासून पायापर्यंत बंद. त्यातल्या एक सिस्टर होत्या हे आवाजावरून कळलं. मी एका गालावर वाळलेला साबण घेऊन दारात उभा. मेहुणा वरून मोबाईलनं शूटिंग करत होता. त्याचं काय काय मला ठाऊक होतं ते आठवून मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं फोन खिशात टाकला.

सिस्टरनी माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याण्णव. परत लावला. अठ्ठ्याण्णव. "नाडी मात्र एकशे बारा," त्या म्हणाल्या.

"ती अपमानाची आहे," मी म्हटलं आणि रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. एकतीस नोंदी, तारीखवार. पोशाखाच्या आत त्यांचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडताहेत. मग त्या म्हणाल्या, "सर, सगळं पटलं. पण गाडी तुमच्या नावानं निघालीय. रिकामी नेली तर का निघाली, कोणाच्या सांगण्यावरून निघाली, सगळी उत्तरं द्यायला लागतात मला. आज सकाळपासून ही सहावी फेरी आहे."

कागदापुढे माणूस कसा हतबल होतो हे मी नाही समजून घेणार तर कोण? एक क्षण मला खरंच वाटलं, बसावं गाडीत, एक चक्कर मारून यावं.

तेवढ्यात वरच्या जिन्यातून आवाज आला. "घेऊन जा... त्यांना. बरं... झालं. मी... लिहून... दिलंच होतं..."

तराजूकाका कठड्याला धरून उभे होते. सगळे हसले. मी नाही हसलो. काय खटकलं ते आधी कळेना. मग लक्षात आलं. हा माणूस तीन कलमं एका दमात म्हणणारा, आज दर दोन शब्दांनी थांबतोय. आणि तीन दिवस कुंड्यांना पाणी नाही.

"सिस्टर," मी म्हटलं, "वरच्या काकांचं बोट बघता का जरा?"

"माझा काय... संबंध?" काका म्हणाले. पण सिस्टर तोवर वर पोचल्या होत्या. बोटाला चिमटा लागला. त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्यांच्या आवाजातलं हसू गेलं. "चौऱ्याऐंशी. काका, ताप कधीपासून आहे?"

"यंत्र... चुकीचं आहे."

"काका, चला. लगेच निघायला हवं."

"ह्यावर... पडताळणीचा... शिक्का कुठाय?" त्यांनी ऑक्सिमीटर उलटा करून पाहिला. "शिक्का नाही. तारीख... नाही. असलं माप... मी आयुष्यात... मान्य केलं नाही."

सिस्टरनी समजावलं. चेअरमनांनी विनवलं. वकिलांनी कायदा सांगितला, तर काकांनी त्याहून वरचा कायदा सांगितला. गायनबाई रडायलाच लागल्या. काका कठड्याला धरून हलेनात. ओठांवर निळसर झाक आली होती, कपाळ घामानं भिजलं होतं, आणि डोळ्यांत भीती होती. ती मी पहिल्यांदा पाहिली. हा माणूस यंत्राशी भांडत नव्हता. आकड्याशी भांडत होता. आकडा खरा निघाला तर काय, हे त्या जिन्यात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

चार वर्षांचं माझं सगळं भांडण त्या क्षणी उपयोगाला आलं. कारण ह्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

"काका," मी म्हटलं, "काट्यावर शंका आली तर खात्यात काय करतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्ञात वजनं... ठेवून... बघतात."

"किती?"

"कमीत कमी... दहा."

"सिस्टर, दहा बोटं मिळतील. दोन मिनिटं द्या."

त्या म्हणाल्या, "दोनच." आणि गाडीतून ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मागवून त्याची नळी तोवर बरोबरच्या माणसाला काकांच्या नाकाशी धरायला लावली. काकांनी त्याला हरकत घेतली नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग आमच्या इमारतीत जे झालं ते पुन्हा होणार नाही. प्रत्येकजण आपापल्या उंबऱ्यावर उभा, बोट पुढे करून. सिस्टर स्पिरिटनं चिमटा पुसत, एकेक बोट मोजत खाली निघाल्या. मी मागून रजिस्टर घेऊन. आकडा मी मोठ्यानं वाचायचा, काकांनी वरून ऐकायचा. "चेअरमन, सत्त्याण्णव! मेहुणे, अठ्ठ्याण्णव! गायनबाई, नव्व्याण्णव!" त्या स्थितीतही गायनबाईंनी डोळे पुसत मान जराशी ताठ केली. वकील शहाण्णव; त्यांना तो निकाल मान्य नव्हता, फेरतपासणी मागत होते. सूनबाई अठ्ठ्याण्णव, हे ऐकून तिच्या सासूनं देवाला नाही, सिस्टरना हात जोडले. माझी बायको नव्व्याण्णव. माझ्यापेक्षा एकनं जास्त, हे तिनं माझ्याकडे बघून नोंदवून घेतलं. दहा माणसं, एकही शहाण्णवच्या खाली नाही.

आम्ही वर परतलो. काकांनी न सांगता बोट पुढे केलं. नळी असूनही शहाऐंशी. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट दिलं. पंचाऐंशी.

काकांनी आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "माल... कमी आहे."

आणि सिस्टरच्या हातावर हात ठेवून ते खाली उतरायला लागले. माझ्या दारापाशी थांबले, खिशातून किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली. "कुंड्यांना... दोन तांबे. जास्त नाही."

गाडी गेली. रिकामी नाही गेली, पण गेली ती माझ्या नावानं. कागद माझा, टोकन माझं, तेव्हा हॉस्पिटलात दाखल झालो मी. दुरुस्तीसाठी मी अर्ज केला. उत्तर आलं की नावदुरुस्तीकरिता रुग्णानं ओळखपत्रासह स्वतः खिडकीवर हजर राहावं. रुग्ण ऑक्सिजनवर होता. वॉर्डातल्या डॉक्टरांना मी फोन करून काकांचं खरं वय, रक्तदाब, चालू गोळ्या सगळं कळवलं, त्यांनी ते उशाशी चिकटवूनही टाकलं. पण कॉम्प्युटरमध्ये माणूस मीच. कचेरीला निरोप गेला. साहेबांनी 'लवकर बरे व्हा' असं कळवलं, आणि माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर दुसऱ्याला बसवल्याचं त्याच पत्रात शेवटी लिहिलं.

इमारतीला कुलूप लागलं, चौदा दिवस. आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. सूनबाईचा अहवाल येईपर्यंत दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मग तो चांगला आला. मी रोज वर जाऊन कुंड्यांना पाणी घालायचो. पहिल्याच दिवशी तिसरा तांबा घातला आणि खाली येऊन पाहिलं तर बायको माझा ओला शर्ट हातात घेऊन उभी. "आता कुणाला तक्रार लिहिताय?" तिनं विचारलं.

हॉस्पिटलचा फोन माझ्याच नंबरावर यायचा. सहाव्या दिवशी आवाज बदललेला होता. "पेशंट काही खात नाहीत. मास्क काढून टाकतात. बोलत नाहीत. कुणी जवळचं आहे का त्यांचं?"

चार वर्षांत त्या घरी कुणी आल्याचं मला आठवेना.

"मी आहे," मी म्हटलं. "व्हिडिओ लावून द्या."

पडद्यावर काका दिसले. निम्मा चेहरा मास्कमध्ये, उरलेला उशीत. डोळे मिटलेले. धीराचं, मायेचं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि कळलं, आमच्यात तसलं काही बोलायची सोयच नाही. मग जे येतं तेच बोललो.

"काका, वकिलांनी स्कूटर जिन्याखाली लावलीय."

डोळे उघडले.

"परवापासून. नियम अकरा. मी सांगितलं तर म्हणतात, नियम करणारा आहे कुठं?"

भुवया वर गेल्या. एक बोट उठलं, पडद्यापलीकडून माझ्या दिशेनं हललं. मी म्हटलं, "मी लिहून ठेवलंय. पण कारवाई तुम्हालाच करावी लागेल. मास्क राहू द्या नाकावर."

त्या दिवशी त्यांनी चार घास खाल्ले. मग रोज अकराला माझा अहवाल ठरला. तिसऱ्या दिवशी माझ्याकडचे गुन्हे संपले. मी ते जिन्यात बोलून दाखवलं, आणि लोकांनी काय करावं? गायनबाईंनी दुपारी दोन ते चार ह्या शांततेच्या वेळेत तानपुरा काढला. चेअरमनांनी स्वतःच्या हातानं सूचनाफलकावर विनापरवाना कागद चिकटवला. वकिलांनी तर एका आठवड्यात इमारतीचे नऊ नियम मोडले आणि प्रत्येकाचं मला लेखी दिलं. मी ते वाचून दाखवायचो, काका मास्कच्या आत धुमसायचे, आणि वॉर्डातल्या सिस्टर मागून आकडा दाखवायच्या. नव्वद. ब्याण्णव. चौऱ्याण्णव.

अठराव्या दिवशी त्यांना आणायला गेलो. काका चाकाच्या खुर्चीत, अंगावरचे कपडे दोन माप मोठे वाटत होते. खिडकीत काचेमागे एक बाई होत्या, समोर कॉम्प्युटर.

"पेशंटचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"नेणाऱ्याचं?"

ओळखपत्र तर एकच होतं. मी परत तेच सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघांचं नाव एकच?"

चूक कबूल केली तर दुरुस्ती, दुरुस्तीला अधीक्षकांची सही, आणि अधीक्षक आठवडाभर विलगीकरणात. काका परत वॉर्डात. मी काकांकडे पाहिलंच नाही. छत्तीस वर्षं अर्ध्या ग्रॅमचा फरक न सोडलेला माणूस. तो आता तोंड उघडणार आणि सगळं कलमासकट सांगणार, ह्याबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती.

"योगायोग," काका म्हणाले.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. त्या विरळ पांढऱ्या केसांकडे, सुरकुत्यांकडे. "वय अठ्ठेचाळीस?"

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हो," ते म्हणाले. "आजारपणात जरा खंगलोय."

शिक्का पडला.

बाहेरच्या दारापाशी त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. काचेमागून त्या बाई अजून आमच्याकडे बघत होत्या. दहा पावलं काका अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसासारखे ताठ चालले. अकराव्याला दार मागे बंद झालं, आणि त्यांनी मुकाट्यानं माझा दंड धरला.